दुपारनंतर अडकतं

"हे धरा. घट्ट धरा. आणि काही झालं तरी सोडू नका."

दार ढकलून ती आत पाऊल टाकते न टाकते तोच कुणीतरी तिच्या हातात पांढऱ्या पट्टीचं एक टोक दिलं. कशाला, किती वेळ — काही नाही. पट्टीचं दुसरं टोक एका मांजराच्या पायाभोवती गुंडाळलं जात होतं आणि मांजर अख्ख्या खानदानाचा उद्धार करत होतं. बाहेर थंडीतली बारीक भुरभुर. तिच्या खांद्यावर लॅपटॉपची जड बॅग, केसांत पाण्याचे थेंब, चष्म्यावर धुकं... आणि हातात पट्टी.

तिनं धरली. सांगितलं होतं ना, सोडू नका.

गाठ बसली. मांजर टोपलीत गेलं, टोपली एका आजोबांच्या हातात गेली आणि आजोबा दाराबाहेर गेले. तेव्हा कुठे त्या माणसानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. पांढरा कोट, कडक इस्त्रीचा. भांगसुद्धा अगदी ताजा पाडलेला.

"तुम्ही आजोबांबरोबर नव्हतात?"

"नाही."

"मग बाहेरचा ससा तुमचा?"

"नाही हो. मी प्रोग्रामवाली. तुमचा प्रोग्राम अडकतो म्हणून फोन केला होतात ना..."

डॉक्टर कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "अरे देवा! तुमच्यासाठीच तर सकाळपासून मी सगळं..." आणि तो थांबला. मग हळूच म्हणाला, "मग पट्टी का धरलीत?"

"धरा म्हणालात."

"मी काय, कुणालाही काहीही म्हणतो."

"ते आता कळलं," ती म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली. पुसायची तितकी गरज नव्हती. पण हसू लपवायला काहीतरी हातात लागतंच.

तिला घरी बारकी म्हणत. भावंडांत शेंडेफळ म्हणून बारकी. उंची मात्र अशी, की माळ्यावरचं काही काढायचं तर सगळं घर तिलाच हाक मारी. दुकानं, दवाखाने, वाचनालयं यांच्यासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या एका लहानशा कंपनीत ती कामाला होती. टेबलावरच्या संगणकात बसवायचे आणि माणसानं दिवसभर वापरायचे, असे साधे प्रोग्राम. नवे लिहिणाऱ्यांचं कौतुक व्हायचं. बारकीच्या वाट्याला गळकं छत शोधायचं काम. कुठे आकडे चुकतात, कुठे पडदा उघडत नाही, कुठे चालता चालता सगळं ठप्प होतं — जा आणि शोध. तिला ते आवडायचं. बिघाडाला नेहमी कारण असतं, यावर तिचा विश्वास होता. माणसांच्या बाबतीत तिला एवढी खात्री नव्हती.

आणि हा प्राण्यांच्या दवाखान्याचा प्रोग्राम तर तिनं स्वतः, पहिल्या ओळीपासून लिहिलेला. एकुलता एक. तो अडकतो म्हणजे कुणी लेकराला नावं ठेवावीत तसं तिला झालं होतं.

"कधी अडकतो?"

"दुपारनंतर. सकाळी माझी ताई बसते इथे, तेव्हा घोड्यासारखा पळतो. दुपारी मी औषधाची चिठ्ठी उघडली की संपलं."

ती खुर्चीत बसली. टेबल आरशासारखं लख्ख. फरशीला जंतुनाशकाचा वास. आतल्या खोलीत औषधांचं कपाट, फ्रीज आणि घरघरणारा एक जुना प्रिंटर. त्याची तार भिंतीच्या कडेनं संगणकापर्यंत आलेली. सगळं जागच्या जागी. तिनं चिठ्ठी उघडली. उघडली. बंद करून पुन्हा उघडली. कुत्र्याची, मांजराची, सशाची, नसलेल्या हत्तीचीसुद्धा चिठ्ठी लिहिली.

प्रोग्राम कसा चालत होता? पाहुण्यांसमोर पाढे म्हणणाऱ्या शहाण्या बाळासारखा.

"आता अडकत नाहीये," डॉक्टर अपराधी आवाजात म्हणाला. "शप्पथ सांगतो, काल..."

"असू दे. होतं असं."

"आमच्याकडेही होतं. घरी लंगडणारं कुत्रं माझ्या टेबलावर आलं की चारी पायांवर ताठ उभं! मालक बिचारा खोटा पडतो."

"मग काय करता तुम्ही?"

"एक दिवस न सांगता त्याच्या घरी जातो. कुंपणाबाहेर उभा राहून बघतो. कुत्र्याला कळू द्यायचं नाही, बस्."

बारकी हसली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून खरखर आवाज आला आणि पाठोपाठ एक लांब, दुःखी उसासा.

"वर कोण आहे?"

"ताई राहते." मग जरा अडखळून, "आणि... आमची एक आजीबाई आहे. म्हातारी. तिला गडबड सोसत नाही."

बरं बाई, असेल.

त्यानंतर फोन सुरू झाले.

"परत अडकलं."

"काय करत होतात?"

"चिठ्ठी. जंतांच्या औषधाची."

"पडदा कसा दिसतोय?"

"पांढुरका. चार दिवस उपाशी असल्यासारखा. वर लिहिलंय — प्रतिसाद देत नाही."

"जरा थांबा. वाट बघा. येईल शुद्धीवर."

"किती वाट बघू? इथे एक बोकड माझा स्टेथोस्कोप चघळतोय. मी बघेन हो वाट, बोकड बघणार नाही."

आणि मग खट्‌ — त्यानं बटण दाबून संगणकच बंद केलेला असायचा. अर्धवट लिहिलेली चिठ्ठी गेली पाण्यात.

त्या संगणकाला इंटरनेट नव्हतं, म्हणजे ऑफिसात बसून आत डोकावण्याची सोय नाही. प्रत्येक वेळी जावं लागे. जाण्याआधी ती फोन करी आणि कंपनीचं ठरलेलं वाक्य म्हणे, ते आता तिला झोपेतसुद्धा म्हणता आलं असतं — "मी येईन तेव्हा सगळी यंत्रं चालू ठेवा, टेबल मोकळं ठेवा." डॉक्टर म्हणे, "ठेवतो." आणि ठेवी. दर खेपेला दवाखाना लख्ख, कोट कडक, यंत्रं चालू, आणि प्रोग्राम... गुणाचा पुतळा.

तिनं काय नाही केलं! सकाळपासून चालून चालून मेमरी भरत असेल आणि दुपारी जीव घुसमटत असेल, असं वाटून तिनं अख्खा दिवस ऑफिसात तोच प्रोग्राम चालू ठेवला. काही नाही. विषाणू तपासले, डिस्क तपासली, त्याच्याइतकाच जुना संगणक मागवून घेतला. त्यावरही मस्त चाललं. "माझ्याकडे तर चालतंय" — हे वाक्य तिच्या धंद्यात शिवीसारखं. ते म्हणणाऱ्यावर ती स्वतः हसायची. आता तेच तिच्या तोंडात येऊन बसलं होतं.

शेजारच्या टेबलावर वकीलबाई बसायच्या. वकील नव्हत्या, पण कुठल्याही गोष्टीला दोन बाजू असतात असं म्हणून तिसरीच मांडायच्या, म्हणून हे नाव.

"काय गं," त्या म्हणाल्या, "दवाखान्यात जायचं असलं की तू चष्म्याऐवजी लेन्स लावतेस, हे खरं का?"

"धूळ असते तिथे."

"धुळीत लेन्स? वा! नवीनच शास्त्र." मग खुर्ची जवळ ओढून, "ऐक. तुझ्यासमोर कधीच अडकत नाही. तुझी पाठ वळली की अडकतं. तो एकटा. तू एकटी. बिघाड प्रोग्राममध्ये नाही गं बाई, डॉक्टरात आहे. तू यावंस म्हणून तो अडकवतोय."

"काहीतरीच."

"मग काय झालं? किती गोड आहे!"

गोड. तो शब्द बारकीच्या घशाखाली उतरेना.

कारण गोड माणूस तिनं पाहिला होता. एकदा तिचं लग्न ठरलं होतं. तो माणूस वाईट नव्हता, उलट फार गोड होता. निघालो म्हणायचा, तेव्हा पायात चप्पलही नसायची. तुझाच फोन येणार असं वाटलं होतं म्हणायचा, आणि फोन बंद असायचा. सगळं बारीकसारीक, कुणाचं काही न बिघडवणारं. पण हळूहळू तिला त्याचं खरंसुद्धा खरं वाटेनासं झालं... आणि मग ते लग्न राहिलं ते राहिलंच. लोक म्हणाले, एवढ्याशावरून? हो, एवढ्याशावरून. तांदळात खडे किती होते ते महत्त्वाचं नसतं. पुढचा प्रत्येक घास भीत भीत खावा लागतो.

तिसऱ्या खेपेला ऊन पडलं होतं. खिडकीतून तिरपं येऊन ते टेबलावर पसरलं होतं. डॉक्टरनं दोन कप कॉफी आणली, एक संत्रं सोललं, आणि न बोलता अर्ध्या फोडी तिच्याकडे सरकवल्या. पांढरे दोरे काढून. जखमेतला काटा काढावा इतक्या काळजीनं.

"तुमचे हात किती हळू चालतात," ती सहज बोलून गेली.

"पेशंट चावतात ना. हळू राहायची सवय लागते." मग कपाकडे बघत, "तुम्ही... रविवारी काय करता?"

तिच्या छातीत काहीतरी लकाकलं. त्याच क्षणी तिनं चिठ्ठीचं बटण दाबलं होतं — आणि चिठ्ठी झटकन उघडली. सुबक. हसतमुख. दुपार होती, चिठ्ठी होती, सगळं तो म्हणतो तसंच होतं. फक्त बिघाड नव्हता.

"डॉक्टर," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच कोरडा वाटला. "खरं सांगा. अडकतं का हो हे?"

"म्हणजे?"

"म्हणजे... मी यावं म्हणून कुणी..."

वाक्य पुरं करायची गरज पडली नाही. संत्र्याची फोड धरलेला त्याचा हात तसाच राहिला.

"तुम्हाला वाटतं, मी खोटं सांगून तुम्हाला बोलावतो?"

"मला काही वाटत नाही. मी डोळ्यांनी बघते तेवढंच लिहिते."

"माझे पेशंट खोटं बोलत नाहीत," तो सावकाश म्हणाला. "त्यामुळे मला त्याची सवयच नाही. बोलायचं असतं तर... नीट जमलंही नसतं." फोड त्यानं बशीत ठेवली. "तुम्ही यावं असं वाटत नव्हतं, असं मात्र मी म्हणणार नाही. पण ते वेगळं. आणि हे वेगळं."

तिनं कामाच्या कागदावर लिहिलं — दोष आढळला नाही. त्यानं मुकाट्यानं सही केली. दार लोटताना तिला वरून पुन्हा तो उसासा ऐकू आला. या वेळी तो दोघांच्याही वतीनं असल्यासारखा वाटला.

मग फोन यायचे थांबले.

साहेब खूश झाले — तक्रार मिटली. वकीलबाईसुद्धा गप्प होत्या, यावरून काय ते समजावं. बारकी कामं करत राहिली. एका वाचनालयाचे आकडे जुळवले, एका बूटवाल्याचा पडदा दुरुस्त केला. मोबाइल टेबलावर, तोंड वर करून. तो वाजला की हात आधी जायचा, मन मागून. आपण कुणाची वाट बघतोय हे कुणी विचारलं असतं तर तिनं साफ नाकारलं असतं. बाहेरून सगळं ठीक. आत नुसतं चाक फिरतंय.

एकदा फोन आला तो ताईंचा. डॉक्टरच्या थोरल्या बहिणीचा.

"बाई, तुमचा प्रोग्राम आम्ही महिनाअखेरीला काढून टाकणार. दुसऱ्या कंपनीचा घेतोय. कळवावं म्हटलं."

"अजून... अडकतो का?"

"रोज. पण तो आता कुणाला सांगत नाही. हातानं चिठ्ठ्या लिहितो. खोटा ठरण्यापेक्षा अक्षर खराब झालेलं परवडलं, म्हणतो." आणि जरा थांबून, "त्याचं अक्षर तुम्ही पाहिलेलं नाहीत. उंदराचं औषध घोड्याला जाईल एक दिवस."

बारकीनं फोन ठेवला आणि पडद्याकडे वळली. रोज. ताईंना ती यावी असं वाटण्याचं काही कारण नव्हतं. मग रोज कसं? आणि फक्त माझ्यासमोर नाही — का?

शनिवारी दुपारी घरी मावशी यायची होती. आईनं सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. खुर्चीवरचे कपडे कपाटात, कपाटातले पलंगाखाली, पलंगाखालचं माळ्यावर. "बारके, ते वर टाक! बारके, गाऊन बदल! बारके, तो मोडका पंखा दिसतोय, त्याच्यावर चादर घाल!"

मावशी आली. बसली. चारी भिंतींवरून नजर फिरवून म्हणाली, "काही म्हण ताई, तुझं घर कधीही या, असंच नीटनेटकं!"

"मला पसारा खपतच नाही," आई म्हणाली. पापणीसुद्धा लवली नाही.

बारकीच्या हातातला कप तसाच थांबला.

कधीही या... असंच. मावशी कधीच कधीही येत नाही. ती फोन करून येते. तिनं या बहिणीचं खरं घर उभ्या जन्मात पाहिलेलं नाही.

आणि मी? *मी येईन तेव्हा सगळी यंत्रं चालू ठेवा, टेबल मोकळं ठेवा.* दर खेपेला. माझ्याच तोंडानं. आणि तो शहाणा माणूस मला पहिल्याच दिवशी सांगून चुकला होता — न सांगता जायचं, कुंपणाबाहेरून बघायचं...

"मावशी, मी आलेच."

"अगं, पण आत्ताच तर मी—"

ती जिन्यात होती. चष्मा लावलेला, जाड काचांचा, घरातला. केसांना चाप. पायांत बागेतली चप्पल.

दवाखान्याचं दार तिनं वाजवलं नाही, ढकललं.

आत... काय सांगावं! बाकावर टॉवेलांचा ढीग. टेबलावर चाटलेली बशी, अर्धी रिकामी झालेली कापसाची पिशवी, उलटं पडलेलं घड्याळ. कोपरावर उसवलेला स्वेटर घालून डॉक्टर संगणकाकडे पाठ करून कागदावर काहीतरी गिरबटत होता. आणि टेबलाखाली, त्याच्या पायावर हनुवटी टेकून, जगातली सगळ्यात म्हातारी कुत्री पडलेली. एक डोळा दुधाळ, कान झिजलेले.

"ही... आजीबाई?" बारकी म्हणाली.

तो दचकून उभा राहिला. "तुम्ही! न सांगता! थांबा, जरा हे आवरू द्या—"

"हात लावू नका!" ती जवळजवळ ओरडलीच. "कशालाही हात लावू नका. जसं आहे तसं राहू दे."

ती खुर्चीत बसली. खुर्चीवर केसांचा गालिचा होता, त्यावरच बसली. प्रोग्राम चालूच होता. तिनं चिठ्ठीचं बटण दाबलं.

पडदा थबकला. हळूहळू पांढुरका झाला. छोटं चाक गरगरू लागलं, आणि वर अक्षरं आली — प्रतिसाद देत नाही.

आजवर कुणी बिघाडाकडे इतक्या मायेनं पाहिलं नसेल. बारकीचे डोळे भरून आले.

"अडकलं," ती पुटपुटली. "डॉक्टर, अडकलं हो... माझ्यासमोर अडकलं!"

"अभिनंदन," तो म्हणाला.

"मी नसताना आणि असताना काय वेगळं असतं? सगळं सांगा. क्षुल्लक असलं तरी."

त्यानं मान खाली घातली. "तुम्ही येणार असलात की मी आवरतो. आजीबाईला वर ताईकडे ठेवतो. तिचे केस संगणकात गेले म्हणून बिघडलं, असं तुम्ही म्हणाल अशी भीती होती. आणि... कोट इस्त्री करतो."

"कोटानं काही होत नाही. अजून?"

"अजून काय... हां, प्रिंटर चालू करतो. एरवी ताई सकाळची छपाई करून गेली की मी त्याची पिन काढून टाकतो. त्याच्या घरघरीला आजीबाई घाबरते. या वयात तिला थरथरताना बघवत नाही. आणि मी तर चिठ्ठी छापतही नाही, संगणकात ठेवतो आणि तोंडी सांगतो. प्रिंटरचा काय संबंध?"

बारकी उठून आतल्या खोलीत गेली, प्रिंटरची पिन जागेवर खोचली, बटण दाबलं. घर्रर्र. टेबलाखालून एक करुण किंकाळी आली आणि आजीबाई तोवर परतलेल्या बारकीच्या पायांमधून वाट काढत भिंतीला जाऊन चिकटली. जाता जाता बागेतली चप्पलही ओली झाली.

आणि प्रिंटरनं डोळे उघडल्यावर थोड्याच वेळात इकडे पडद्यावर रंग परतला. चिठ्ठी उघडली.

"मेला नव्हता तो," बारकी हळू आवाजात म्हणाली. "चिठ्ठीचा पडदा मांडण्याआधी तो प्रिंटरला विचारतो — तुझा कागद केवढा? प्रिंटर बंद. उत्तर येत नाही. हा आपला उभा. दुकानात एकच माणूस असावा आणि तो फोन कानाला लावून बसावा, तसा. गिऱ्हाईक समोर ओरडतंय, पण याचं लक्ष नाही. मीच लिहिलं तसं. माझ्या टेबलाशेजारी प्रिंटर कायम चालू असतो ना. कुणी तो बंद ठेवेल... आणि एका म्हातारीसाठी ठेवेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"म्हणजे तो नुसता वाट बघत होता?"

"हो. पण वाट बघतोय असं सांगत नव्हता. त्यामुळे सगळ्यांना वाटलं, संपला."

तिनंच जाऊन प्रिंटर बंद केला. परत येऊन ती आजीबाईशेजारी, फरशीवर बसली. कुत्रीनं तिचा हात हुंगला आणि क्षमा केली. कुत्री लवकर करतात.

"माझं चुकलं," बारकी त्या झिजलेल्या कानाशी म्हणाली. सांगायचं दुसऱ्याला होतं. "बिघाडाला कारण असतं हे माहीत असून मी माणसावर आळ घेतला."

"कुणावर, तिच्यावर?" डॉक्टरनं विचारलं.

"तुमच्यावर हो!"

"मग इकडे बघून सांगा ना. ती बहिरी आहे अर्धी." तो थोडा हसला, पण पूर्ण नाही. "वाईट वाटलं होतं मला. खोटं कशाला सांगू."

"माहितेय. म्हणून तर आले."

पुढच्या आठवड्यात ती दुरुस्ती घेऊन आली. न सांगता. प्रिंटरला प्रश्न विचारायचं काम आता प्रोग्राम वेगळं, मागच्या मागे करणार होता. जणू दुकानात आता दोन माणसं: एक प्रिंटरपाशी उभा, दुसरा गिऱ्हाइकांसमोर. प्रिंटर झोपलेलाच होता, आजीबाईही. डॉक्टरनं चिठ्ठी उघडली. ती झटक्यात उघडली आणि तळाशी एक लहानशी ओळ आली:

*प्रिंटरची वाट बघत आहे. तुम्ही तुमचं काम चालू ठेवा.*

डॉक्टरनं ती ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"किती साधं आहे," तो म्हणाला. "एवढी एक ओळ आधीच असती, तर कुणी बटण दाबून बंद केलं नसतं त्याला."

"नसतं."

"मग मीही..." त्यानं स्वेटरच्या उसवलेल्या कोपराशी चाळा केला. "मीही सांगून टाकतो. पट्टी धरलीत ना, त्या दिवसापासून मी वाट बघतोय. मधे तुम्ही आला नाहीत तेव्हाही बघत होतो. रागानं, पण बघत होतो. तुम्ही तुमचं काम चालू ठेवा. घाई नाही. फक्त... संपला असं समजू नका."

बारकीनं चष्मा काढला. पुसला. या वेळी खरंच गरज होती.

"रविवारी," ती म्हणाली, "मी घरी असते. विचारलं होतंत तुम्ही."

"येऊ? किती वाजता?"

"पत्ता देते, वेळ नाही," ती म्हणाली. "न सांगता या. नियम तुमचाच आहे."

रविवारी भर दुपारी दार वाजलं. आई भाजी निवडत बसली होती, सगळ्या खोलीत देठं. खुर्चीवर आठवड्याचे कपडे. मोडका पंखा उघडा. बारकीच्या केसांना तेल, अंगात बाही फाटलेला गाऊन. तिनं दार उघडलं. दारात उसवलेला स्वेटर, आणि त्याच्या कुशीत एक म्हातारी कुत्री, प्रवासानं दमून जीभ बाहेर काढलेली.

"अगं बाई!" आई ताडकन उठली. हातात आलं ते पलंगाखाली लोटू लागली. "बारके, आधी सांगायचं नाही का! ते कपडे उचल, पंख्यावर चादर घाल, बारके—"

"बारकी?" डॉक्टरनं मान वर करून तिच्या उंचीकडे पाहिलं आणि त्याचे डोळे हसले.

बारकी जराशी बाजूला झाली, त्याला आत यायला वाट देत.

"राहू दे, आई," ती म्हणाली. "आवरू नकोस."